करंडक कुणाचा, नाटक कुणाचं?

मंडळी, आता कॉलेजच्या एकांकिकांकडे येऊ. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा चालते. २०२२ साली एकही एकांकिका त्या तोलाची नाही म्हणून परीक्षकांनी करंडक दिलाच नाही. केवढा गदारोळ झाला! परीक्षकांना तो अधिकार होताच, असं आमचं मत. आम्हाला खटकतं ते वेगळंच.

लहान कॉलेजातली मुलं बाकं बाजूला सारून, रिकाम्या वर्गात महिना-दोन महिने तालमी करतात. संहिता मात्र पुष्कळदा परीक्षकांच्या हिशेबानं बेतलेली. शेवटी एक धक्का, की ब्लॅकआउट. प्राथमिक फेरीत बाद झाली की एकांकिका तिथंच संपते. गॅदरिंगमध्येही तिला जागा नाही, तिथं रेकॉर्ड डान्स आणि फिशपाँड! म्हणजे ज्या गावची बोली नि भांडणं नाटकात घेतली, त्या गावानं ते पाहिलंच नाही.

तेव्हा पुण्याची एस.टी. पकडण्याआधी एक प्रयोग गावातल्या देवळासमोर करून बघा. तिथं गुण देणारा कुणी नसतो. कंटाळा आला की माणसं सरळ उठून जातात. कुठल्या प्रसंगाला उठली, तेवढं लिहून ठेवा.