‘देशी’ आणि ‘आदिवासी’: दोन संज्ञांमधील अंतर

वढू बुद्रुक या ग्रामनामातील ‘बुद्रुक’ हे पद फारसी ‘बुजुर्ग’पासून आले, तरीही या नावाचे देशीपण कोणी नाकारणार नाही. बाहेरून आलेले येथे रुजले की देशी होते, हे भान भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने मराठी समीक्षेला दिले. आदिवासी साहित्याचा विचार करताना मात्र ही संज्ञा अपुरी पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. भारताने अनुकूल मत दिले. पण स्वातंत्र्यकाळची समग्र भारतीय जनता आणि तिचे वंशज हे सर्वच मूळ रहिवासी होत, असा खुलासाही केला. सर्वच मूळचे म्हटले की विशेष हक्क कोणाचाच उरत नाही. सर्वच मराठी साहित्य ‘देशी’च्या एका मापाने मोजणारी समीक्षा नकळत याच तर्काने चालते.

मार्तिनेझ कोबो यांच्या अहवालातील कामचलाऊ व्याख्येत प्राचीन सातत्याबरोबरच समाजातील वर्चस्वहीन स्थान हाही निकष आहे. ‘देशी’ या संज्ञेत सत्तासंबंधांचा हा प्रश्न सामावत नाही. जाहीरनाम्याचे तेरावे कलम तर थेट आपल्या अभ्यासक्षेत्रात येते: स्वतःचा इतिहास, भाषा, मौखिक परंपरा व साहित्य पुढील पिढ्यांना देण्याचा आणि आपले समूह, स्थळे व व्यक्ती यांना स्वतःची नावे देण्याचा हक्क ते मान्य करते. हा जाहीरनामा करारासारखा बंधनकारक नाही, हे खरे. परंतु ‘आदिवासी’ऐवजी ‘वनवासी’ म्हणण्यावरून झालेला वाद नामकरणाच्या याच हक्काचा होता.

भुजंग मेश्राम या गोंड समाजातील कवीने आपल्या मराठी संग्रहाला ‘उलगुलान’ हे नाव दिले. बिरसा मुंडांच्या उठावाशी जोडलेला हा मुंडारी शब्द मराठीत रुजलेला नव्हता. ‘बुद्रुक’ राज्यव्यवहारातून आला. ‘उलगुलान’ जमीन-जंगल गमावण्याच्या समान अनुभवातून. पहिल्याचा खुलासा देशीयतेने होतो, दुसऱ्याचा होत नाही. या कवितेला मराठीच्या देशी वैभवात जमा करून घेण्याची घाई केली, तर तिने मराठीच्या सीमेपलीकडे जोडलेले नातेच आपण पुसून टाकू. तिचे नाव तिने ठेवले आहे. समीक्षेने प्रथम ते मान्य करावे.