औषधाचा ‘गुण’ आणि चाचणीची भाषा

एखादे औषध गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न वैद्यकाचा होय. परंतु त्याचे उत्तर ज्या वाक्यात दिले जाते, त्या वाक्याचे परीक्षण भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे नाही. कोविड-१९च्या रुग्णांवरील औषधे पारखण्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधील रुग्णालयांत ‘रिकव्हरी’ ही चाचणी सुरू झाली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडविषयीचा तिचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी घोषित झाला. त्या निष्कर्षाची भाषा येथे तपासावयाची आहे.

‘औषध लागू पडले’, ‘गुण आला’ हे आपले रूढ प्रयोग एका रोग्याविषयी असतात. औषध घेतले आणि बरे वाटले, एवढ्या क्रमावरून ते कार्यकारणसंबंध गृहीत धरतात. चाचणीचे वाक्य निराळ्या जातीचे आहे. तिने २१०४ रुग्णांना हे औषध दररोज ६ मिलिग्रॅम, अधिकाधिक दहा दिवस, देण्याचे ठरविले. ४३२१ रुग्णांवर केवळ नेहमीचे उपचार केले आणि २८ दिवसांतील मृत्यू मोजले. कोणास औषध मिळते हे डॉक्टरांना ठाऊक होते. तेव्हा ‘बरे वाटणे’ हे माप सदोष ठरले असते. मृत्यूची नोंद मात्र पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून नसते.

रुग्णांची ही विभागणी सोडतीने झाली. तिला आपण ‘यादृच्छिक’ म्हणतो. या शब्दात सामान्य वाचकास ‘इच्छा’ ऐकू येते. वस्तुतः डॉक्टर वा रोगी यांपैकी कोणाचीही इच्छा तेथे चालू नये, हेच त्या पद्धतीचे मर्म. ‘सोडत’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक ठरला असता.

आता निष्कर्ष पाहू. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांऐवजी २९.३ टक्के, केवळ प्राणवायू घेणाऱ्यांत २६.२ ऐवजी २३.३ टक्के आढळले. प्राणवायूची गरज नसलेल्यांत मात्र ते १४.० विरुद्ध १७.८ टक्के होते; म्हणजे लाभ दिसला नाही, अपायाची शक्यताही नाकारता आली नाही. सारांश, हे ‘जर–तर’चे वाक्य आहे. त्यातील ‘जर’ हा अलंकार नव्हे, तोच निष्कर्षाचा कणा आहे. शरीराची दाहक प्रतिक्रिया अनावर झाली असता स्टेरॉइड तिला आवरते. ती तशी झाली नसता शरीराच्या प्रतिकारासच ते बाधक ठरू शकते.

घोषणेच्या भाषेवर मात्र एक आक्षेप घ्यावा लागतो. प्राणवायूवरील रुग्णांतील मृत्यू ‘एक पंचमांशाने’ घटले, असे तीत म्हटले होते. हे गणित चूक नाही. परंतु शंभर रुग्णांमागे सुमारे तीन जीव वाचले, हेही त्याच निष्कर्षाचे रूप आहे. अपूर्णांक कशाचा, हे न सांगितल्यास ऐकणारा तो शंभरांचा समजतो. शिवाय ते तीन कोण, हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून ‘मला गुण आला’ या वाक्यास चाचणी पुरावा देत नाही.

ही चर्चा केवळ शब्दांची नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले; अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अविचारी वापर ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. त्याचा सारा दोष भाषेवर लादणे अन्यायाचे होईल. तथापि, ‘प्राणवायू लागत असेल तर’ हे चार शब्द गाळून ‘स्टेरॉइडने करोना बरा होतो’ असे सांगणारा मनुष्य संक्षेप करीत नाही, तो निराळेच विधान करतो. वैद्यकीय मराठी घडविताना परिभाषेइतकीच या उपवाक्याची काळजी आपण घेतली पाहिजे.