हवेचा अंदाज आणि अनुमानाच्या मर्यादा

उद्या पुण्याची हवा कशी असेल हे आज मोबाईलवर कळतं. पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेनं 'सफर' ही प्रणाली २०१०मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी उभी केली. २०१३मध्ये ती पुण्यात आली. काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न एवढाच, की हा आकडा ज्ञानाच्या कोणत्या जातीचा?

न्यायदर्शनात अनुमानाचे प्रकार सांगितलेत. ढग दाटले, पाऊस येणार, हे कारणावरून कार्याचं अनुमान, म्हणजे पूर्ववत्. नदीला लोंढा आला, म्हणजे वर पाऊस झाला, हे कार्यावरून कारणाचं, म्हणजे शेषवत्. प्रदूषणाचं संगणकीय प्रारूप पहिल्या जातीचं. प्रदेशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात किती वाहनं, कारखाने, चुली याची यादी भरायची, मग वारा, तापमान आणि रासायनिक क्रियांची समीकरणं सोडवायची. गणित कितीही अचूक असो, यादीत जी आग नाही तिचा धूर उत्तरात येत नाही.

आता आपल्या कासार आंबोलीकडे बघा. पौड रस्त्यावरचे डंपर, पिरंगुटचे कारखाने, नव्या बांधकामांची धूळ, उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी भाजलेला राब, रात्री पेटवलेला कचरा. यातलं बरंचसं महिन्या-महिन्याला बदलतं. यादी मात्र काही वर्षांनी एकदा होते. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात बसते, धूर वर जात नाही. चौकोन मोठा असेल तर त्यात डोंगर आणि खोरं एकच होऊन जातात. शिवाय पीएम २.५ची आपली दैनिक मर्यादा, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, ही चोवीस तासांची सरासरी. कचरा जळताना दोन तास जे नाकातोंडात जातं, ते तिच्यात विरून जातं.

म्हणून प्रारूपं टाकून द्या असं मी म्हणत नाही. उद्याची हवा आज मोजता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो. पण पूर्ववत् अनुमानाला शेषवत् अनुमानाची तपासणी हवी. त्यासाठी गावोगावी मोजणारी यंत्रं हवीत आणि ती यादी लोकांना बघता, दुरुस्त करता यायला हवी. आता यंत्रशिक्षणाची प्रारूपं येताहेत, ती मागच्या नोंदींवरून शिकतात. जिथं कधी मोजलंच नाही, तिथलं ती काय शिकणार? तिथं शेजारच्या शहराचा आकडा भरला जाईल. गावानं तक्रार केली, तर 'नकाशात तुमची हवा चांगली आहे' असं उत्तर मिळेल. म्हणून ग्रामसभेनं आत्ताच विचारावं, बरं का: तुमच्या यादीत आमचा धूर धरलाय का?