कलम ७० आणि नाकारण्याचे स्वातंत्र्य

करारकायद्याच्या प्रारंभिक अध्ययनात प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल आणि करारभंग यांतच बहुतेक तासिका खर्ची पडतात. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील पाचवे प्रकरण, म्हणजे कलमे ६८ ते ७२, सत्राच्या अखेरीस घाईने उरकले जाते. त्यामुळे ‘करारसदृश संबंध’ म्हणजे कराराचीच एक फिकट छाया, असा विद्यार्थ्यांचा ग्रह होतो. हा ग्रह दूर करणारा निर्णय म्हणून पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाकडे बोट दाखविले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याच निर्णयातील एक विवेचन अधिक बारकाईने तपासले पाहिजे.

१९४४ साली आरामबाग येथे सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराने बांधकाम केले. सरकारने त्याचा उपयोग केला. परंतु १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम १७५(३) मध्ये सांगितलेल्या रीतीने करार झालेला नव्हता. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी डिसेंबर १९६१ मध्ये निर्णय देताना दाखवून दिले की, कलम ७० खालील मागणी ही अवैध कराराची अंमलबजावणी नव्हे. काम विधिपूर्वक झालेले असावे, ते फुकट करण्याचा हेतू नसावा आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतलेला असावा, या तीन अटी पूर्ण झाल्या की भरपाईचे दायित्व कायद्यातूनच उत्पन्न होते.

येथवर विवेचन निःसंदिग्ध आहे. परंतु न मागितलेल्या कामाचे ओझे कोणावर लादले जाईल, या आक्षेपाला उत्तर देताना न्यायमूर्तींनी लाभधारकाच्या निवडीचा आधार घेतला. वस्तू परत करता येते, काम नाकारता येते. ती मुभा असूनही लाभ घेतला तरच दायित्व येते. गोदामाच्या बाबतीत हे पटते. मात्र जो लाभ नाकारताच येत नाही, त्याचे काय?

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरच्या खाडीकाठचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन मिठागरांचे एकाच बांधाने रक्षण होते. उधाणाच्या भरतीपूर्वी बांधाला भगदाड पडते. एक मिठागरवाला स्वखर्चाने ते बुजवतो आणि अर्धा खर्च शेजाऱ्याकडे मागतो. शेजाऱ्याने बांध परत कसा करावा? आपल्या वाफ्यांत खारे पाणी मुद्दाम सोडून त्याने लाभ नाकारावा, असे कोणी म्हणणार नाही. नाकारण्याची शक्यता ही एकमेव कसोटी मानली, तर शेजारी सुटतो आणि अन्याय्य लाभ त्याच्या पदरात राहतो.

अधिनियमाला हे अभिप्रेत होते काय? कलम ७० चे दुसरे उदाहरण आगीतून दुसऱ्याची मालमत्ता वाचविणाऱ्याचे आहे. ज्याचे घर जळत आहे, त्याला नकार देण्यास सवड नसते. तरीही उदाहरणात भरपाई नाकारली आहे ती या कारणाने नव्हे. ते काम फुकट करण्याचा हेतू परिस्थितीवरून दिसत असेल तर, एवढ्याच कारणाने. मद्रास उच्च न्यायालयानेही दामोदर मुदलियार खटल्यात (१८९४) सरकारने दुरुस्त केलेल्या तलावाच्या खर्चाचा वाटा लाभार्थी जमीनदारांवर याच कलमाखाली बसविला होता. तलावाचे पाणीही परत करण्याची वस्तू नव्हे.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. नाकारण्याची खरी संधी असेल, तर स्वीकार ही कसोटी पुरेशी आहे. संधी नसेल, तर तो खर्च लाभधारकाला एरवी करावाच लागला असता काय, हे पाहावे. बांधाचा खर्च असा आहे. शेजाऱ्याच्या घराला न विचारता लावलेला रंग तसा नाही. या भेदामुळे ठेकेदाराला न्याय मिळतो आणि आगंतुक उपकारकर्त्याला आळाही बसतो.

मंडल निर्णयाचे मोल याने उणावत नाही. वचनाच्या चौकटीतून दायित्व सोडविण्याचे कार्य त्याने केले. परंतु निवडीवर सर्व भार टाकल्याने संमतीची कल्पना मागच्या दाराने पुन्हा आत आली. पाचवे प्रकरण सत्राच्या आरंभी शिकविले, तर ती आत येताना विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.