अ‍ॅरनची गाय

आयर्लंडच्या पश्चिमेस समुद्रात अ‍ॅरन नावाची तीन खडकाळ बेटे आहेत. तेथील शेतकऱ्यांनी उघड्या चुनखडकावर वाळू व समुद्रशेवाळ पसरून शेते घडविली. अशा भूमीत जनावरांची निगा ही मायेइतकीच कष्टांचीही गोष्ट होती. शेतांच्या दगडी गडग्यांना फाटक नसे. जनावर आत न्यावयाचे तर दगड उतरवावयाचे आणि पुन्हा रचावयाचे.

जॉन मिलिंग्टन सिंज यांचे या बेटांवरील पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. उन्हाळ्यात चारा नसल्याने जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घोडे कॉनेमाराच्या डोंगरांत पाठवीत, अशा गोष्टी ते साक्षेपाने टिपतात. परंतु सिंज पाहुणे होते. त्यांची दृष्टी रसिकाची आहे, गोठा सांभाळणाऱ्याची नव्हे.

ती दुसरी दृष्टी लिअ‍ॅम ओफ्लाहर्टी यांच्यापाशी आहे. १८९६ साली त्यांचा जन्म यांतील सर्वांत मोठ्या बेटावर झाला. ‘स्प्रिंग सोइंग’ (१९२४) या संग्रहातील त्यांच्या एका कथेत गाईला मेलेले वासरू होते. घरची माणसे ते कड्यावरून खाली टाकतात. गाय माग काढीत निघते, गडगे छातीने पाडते, कड्याशी येते. खाली खडकावर वासरू दिसते. लाट ते ओढून नेणार, तोच ती उडी घेते.

हा मानवी शोक पशूवर लादला आहे, असा आक्षेप येईल. आम्हांस तो मान्य नाही. लेखक गाईच्या तोंडी एकही विचार घालीत नाही. वास, हंबरणे, धावणे एवढेच सांगतो. माणसांनाही तो निर्दय ठरवीत नाही. एकेक दगड उतरवून गाईला वाट देणारे हे लोक. तिच्या दुःखाला मात्र त्यांच्यापाशी वाट नाही. कथेची थोरवी या मर्यादेच्या जाणिवेत आहे.

परप्रांती चाकरीत असलेल्या आपणां सर्वांस गावचा गोठा आठवतो तो मायेने भरलेला. शेण काढणारे हात मागाहून आठवतात. आपल्या पुष्कळ कथांतील बैलही धन्यासाठी अश्रू ढाळतो. त्या अश्रूंपेक्षा ओफ्लाहर्टींची मूक गाय आम्हांस अधिक खरी वाटते.