षड्ज कोणी धरायचा?

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन बँडबद्दल एक वाक्य लिहिलं होतं : 'यांची अर्धी मैफल वाद्यं लावण्यात जाते आणि उरलेली अर्धी, लावलेली वाद्यं विसरण्यात.' वाक्य चटकदार होतं. दोन-तीन रसिकांनी फोन करून दादही दिली. आज ते वाक्य मला मागे घ्यायचं आहे. मत बदलणं ही काही मोठी गोष्ट नाही. पण ते का बदललं हे तपासताना ऐकण्याच्या माझ्या सवयींबद्दल काही गोष्टी हाती लागल्या. ख्याल ऐकत वाढलेल्या कोणाही मराठी श्रोत्याची इथे माझ्यासारखीच फसगत होऊ शकते, म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. ग्रेटफुल डेड हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे उभा राहिला. गिटारवर जेरी गार्सिया आणि बॉब वेअर, बेस गिटारवर फिल लेश, ऑर्गन आणि गायनाला रॉन मॅककर्नन, ड्रम्सवर बिल क्रॉइट्झमन. १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक आला. गार्सियाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९५ पर्यंत, त्यांनी दोन हजार तीनशेच्या आसपास मैफली केल्या. आज कोणती गाणी वाजवायची हे बहुधा आधी ठरलेलं नसे आणि गाणं सुरू झालं तरी ते किती वेळ चालेल, कोणत्या दुसऱ्या गाण्यात जाऊन मिळेल, हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. 'जॅम बँड' ही संज्ञा रूढ झाली ती पुढे, १९९० नंतरच्या दशकात, 'फिश' आणि त्यांच्यासारख्या बँडांच्या निमित्ताने. पण त्या वाटेचा उगम इथे आहे.

हे वर्णन वाचून आपल्याकडचा श्रोता लगेच म्हणतो, 'म्हणजे आपला रागविस्तारच की!' मीही तेच म्हणालो होतो आणि तिथेच घात झाला. 'लाइव्ह/डेड' या १९६९ च्या तबकडीवरचं 'डार्क स्टार' मी ऐकायला घेतलं ते विलंबित ख्याल ऐकल्यासारखं. तेवीस मिनिटांची रचना. सूर पाहिले तर शुद्ध गंधार, कोमल निषाद. आपल्या खमाज थाटाचं सप्तक. मी बढत शोधू लागलो. ती सापडेना. मुखड्याची वाट पाहिली, समेची वाट पाहिली. गार्सियाची गिटार एखादी जागा घेई आणि ती पक्की होण्याआधीच सोडून देई. बेस तर भलतीकडेच भटकत होता. मी कंटाळलो आणि ते चटकदार वाक्य लिहून मोकळा झालो.

माझी चूक बेसच्या भटकण्यात दडलेली होती. आपल्या मैफलीत काही कामं वाटून दिलेली असतात. तानपुरा षड्ज धरतो, तबला ठेका धरतो, आणि ही दोन धरणारी माणसं आहेत म्हणूनच गायक निर्धास्तपणे लांब जाऊ शकतो. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात आणि रॉकमध्ये हे धरण्याचं काम बव्हंशी बेस आणि ड्रम्स करतात. फिल लेशने ते नाकारलं. बँडमध्ये येईपर्यंत त्याने बेस हातात घेतला नव्हता. तो मुळात ट्रम्पेट वाजवणारा. मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओ या आधुनिक इटालियन रचनाकाराकडे शिकलेला. त्याने बेसवर दुसरी धुन वाजवायला सुरुवात केली. गार्सिया एक वाक्य बोलला की लेश खालून त्याला उत्तर देई, कधी त्याचं वाक्य मधेच तोडी. वेअरची गिटारही साथीचा ठेका धरून बसत नाही. दोघांच्या मधल्या फटींत ती तुटक स्वरगुच्छ टाकते. मग षड्ज कोणाकडे?

उत्तर असं, की कोणाकडेच नाही आणि आळीपाळीने सगळ्यांकडे. हे लक्षात आल्यावर मी 'डार्क स्टार' पुन्हा ऐकलं. या वेळी गार्सियाच्या मागे न जाता फक्त बेस ऐकला, मग फक्त वेअर, मग फक्त ड्रम्स. चौथ्यांदा सगळं एकत्र. सुरुवातीची छोटी धुन, दोन स्वरसंघातांमधलं संथ हेलकावणं, पाच-सहा मिनिटांनी येणारं पहिलं कडवं; त्यानंतर आधार एका वाद्याकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. एकाने सोडलं की दुसऱ्याला ते ऐकू येतं आणि तो क्षणभर स्थिरावतो. इथे विस्तार होतो तो या संबंधांचा. रागात आपण विचारतो, गायकाने आज रागातलं काय दाखवलं? इथे विचारायचं, आज यांनी एकमेकांचं किती ऐकलं?

या टप्प्यावर आणखी एक मोह आवरावा लागतो. मिकी हार्टची आणि उस्ताद अल्लारखाँची १९६७ मध्ये भेट झाली आणि मात्रांच्या हिशेबाचा एक नवा दरवाजा त्याच्यासाठी उघडला. त्याच तबकडीवर 'द इलेव्हन' ही अकरा मात्रांची रचना आहे. पुढे मुंबईत जन्मलेले झाकिर हुसेन कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलला अली अकबर खाँच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. तिथल्या तालवादकांच्या 'डिगा ऱ्हिदम बँड'ची १९७६ ची तबकडी आणि हार्टबरोबरचा १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' ही त्या स्नेहाची फळं. मुंबईचा तबला आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ड्रम्स यांच्यातला हा धागा खराच आहे. पण म्हणून 'हे सगळं आपल्याकडूनच गेलं' असं म्हणून मान डोलावण्यात अर्थ नाही. 'द इलेव्हन'च्या मात्रा तीन-तीन-तीन-दोन अशा मोजता येतात. मात्र आपल्या रुद्र तालाच्या अकरा मात्रांना जशी सम आणि आवर्तनाची बांधणी असते, तशी इथे नाही. गणित ओळखीचं आहे, घर वेगळं आहे. जॉन कोल्ट्रेनचा जॅझ, अमेरिकन लोकगीतं, ब्लूज, बेरिओच्या वर्गातला नवसंगीताचा संस्कार हे सगळं त्या घरात आधीपासून राहत होतं.

एक गाणं अनेकदा ऐकल्याशिवाय या संगीताची समीक्षाच करता येत नाही, हे मला नंतर कळलं. 'डार्क स्टार' १९६८ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलं ते तीन मिनिटांच्या आतलं गाणं म्हणून. तो नुसता आराखडा होता. 'लाइव्ह/डेड'वरचं सादरीकरण २७ फेब्रुवारी १९६९ चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमधलं. त्याच वर्षी १६ ऑगस्टला हा बँड वुडस्टॉकच्या व्यासपीठावर होता. ओला मंच, विजेचे झटके, विस्कळीत यंत्रणा. 'डार्क स्टार' तिथेही वाजलं आणि ती मैफल फसली, हे वाजवणाऱ्यांनीच पुढे कबूल केलं. मी दोन्ही लागोपाठ ऐकली. गाणं तेच, माणसं जवळपास तीच. फसलेल्या रात्री हरवलेली गोष्ट कसबाची नाही. हात चालत आहेत, पण कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, आणि आधार सोडणारा सोडतो तेव्हा तो उचलायला तिथे कोणी नसतं.

तिसरं उदाहरण ओरेगनमधल्या व्हेनेटाचं, २७ ऑगस्ट १९७२. एका डेअरीला आर्थिक मदत म्हणून भर उन्हात, उघड्या मैदानावर झालेली मैफल. हार्ट त्या काळात बँडबाहेर होता, त्यामुळे ड्रम्सवर एकटा क्रॉइट्झमन. पियानोवर कीथ गॉडशॉ. 'डार्क स्टार' एकतीस मिनिटांच्या आसपास चाललं. एक ड्रमवादक कमी झाल्याने जी मोकळी जागा मिळाली, तीत बेस आणि पियानो वाट्टेल तिथे जाऊ शकतात. शेवटाकडे सगळं कर्कश होत जातं, स्वरकेंद्र पुसलं जातं, आता हे कोसळणार असं वाटतं. आणि त्या धुळीतून 'एल पासो' सुरू होतं : मार्टी रॉबिन्सचं गाजलेलं काउबॉय गीत, दादऱ्याची आठवण व्हावी अशा झुलत्या लयीतलं. ऐकताना मला हसू आलं आणि लगेच घसा दाटला. इतका वेळ कोणीच न धरलेली जमीन अचानक पायाखाली आली होती.

या तीन रात्रींची तुलना आज मी पुण्यात बसून करू शकतो, याचं श्रेय बँडइतकंच श्रोत्यांना आहे. डेडच्या मैफलींत लोक टेपरेकॉर्डर घेऊन येत. बँडने त्यांना हाकललं नाही. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली. टेपा एकमेकांना द्यायच्या, विकायच्या नाहीत, हा शिरस्ता. ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली प्रसिद्ध मैफल बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रकाने टिपली होती. तिच्या टेपा ठेवलेल्या गाळ्याचं भाडं थकलं, १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला आणि मग त्या हातोहात पसरल्या. २०११ च्या यादीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहाने ही मैफल दाखल करून घेतली. अधिकृत तबकडी निघाली ती २०१७ मध्ये.

हे वाचताना आपल्याकडच्या कपाटांची आठवण होते. मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं जिवापाड जपणारे रसिक महाराष्ट्रात आहेत. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांतलं जे बाहेर येतं ते बहुधा रंगलेलं असतं. आवाज न लागलेली, तान निसटलेली संध्याकाळ कोणी कोणाला ऐकवत नाही; कलावंताचा मान राखायचा असतो. त्या संकोचामागची माया मला समजते. तरीही वाटतं, की फसलेली रात्र ऐकल्याशिवाय रंगलेल्या रात्रीने काय पणाला लावलं होतं, ते कळत नाही.

आता आक्षेप. या परंपरेत सुमार वादन पुष्कळ आहे. मैफलीच्या उत्तरार्धात ड्रम्सनंतर येणारा 'स्पेस' हा मोकळा भाग अनेक रात्री खरोखरच रिकामा असतो. गार्सियाची प्रकृती ढासळत गेली त्या वर्षांतल्या कित्येक टेपा ऐकवत नाहीत. भक्तांचा समुदाय तेव्हाही टाळ्या वाजवत होता आणि 'तुम्ही तिथे असायला हवं होतं' हे त्यांचं उत्तर समीक्षेचं तोंड बंद करणारं आहे. मला ते मान्य नाही. टेप हाताशी असताना तिथे असण्याची सबब चालणार नाही.

उत्स्फूर्त म्हणजे बेशिस्त, या समजाला उत्तर फिशने दिलं. व्हरमाँट विद्यापीठात १९८३ मध्ये सुरू झालेल्या या चौघांनी ऐकण्याचा रियाज केला. एक जण छोटी धुन सुरू करी, बाकीचे तिला पूरक काही वाजवत. उरलेले तिघे नीट जुळून आले आहेत असं ज्याला वाटे त्याने 'हे' म्हणायचं. चौघांचं 'हे' आल्यावर पुढच्याने बदल करायचा. म्हणजे लक्ष सतत दुसऱ्यांवर. २०१७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी तेरा रात्री वाजवलं आणि एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवलं नाही. हे नुसत्या लहरीवर होत नाही.

माझ्या त्या जुन्या वाक्याचा अर्धा भाग, गंमत म्हणजे, व्हेनेटापुरता शब्दशः खरा आहे. उन्हाने तारा सारख्या उतरत होत्या आणि दोन गाण्यांच्या मध्ये त्या पुन्हापुन्हा लावाव्या लागत होत्या. पूर्वी मी असा भाग पुढे ढकलून देत असे. आता ढकलत नाही. एक जण सूर देतो, दुसरा त्याला येऊन मिळतो, तिसरा थोडा खाली राहतो, थांबतो, पुन्हा ऐकतो. पुढच्या अर्ध्या तासात काय होणार आहे, ते तिथेच सुरू झालेलं असतं.