शोक, विषाद आणि दांपत्य : दोन अमेरिकन नाटकांचे मनोविश्लेषणात्मक वाचन

प्रस्तावना

आधुनिक अमेरिकन नाटकातील विस्कटलेल्या दांपत्यजीवनाची मनोविश्लेषणात्मक समीक्षा बहुधा एकाच वाटेने जाते. पात्राच्या भूतकाळातील दडपलेले गुपित शोधायचे आणि ते हाती लागले की विवाहाचे कोडे सुटले, असे मानायचे. युजीन ओनील यांचे 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' (लेखन १९३९-४१, पहिला प्रयोग १९५६) आणि एडवर्ड अल्बी यांचे 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' (१९६२) या नाटकांच्या संदर्भात ही पद्धत कितपत पुरेशी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चरित्रात्मक वाचनाची मर्यादा

ओनील यांचा एडमंड नावाचा भाऊ बालपणीच गोवराने दगावला. नाटकात मृत बाळाचे नाव युजीन असून नाटककाराशी साधर्म्य असलेला धाकटा मुलगा एडमंड आहे. अल्बी दत्तक पुत्र होते आणि त्यांच्या नाटकाच्या केंद्रस्थानी एक कल्पित पुत्र आहे. हे तपशील लक्षणीय असले तरी ते नाटककाराच्या मनावर प्रकाश टाकतात. रंगमंचावरील पतिपत्नींच्या नात्याचा उलगडा त्यांतून होत नाही. अल्बींच्या नाटकातील जोडपे म्हणजे वस्तुतः पुरुषांचेच जोडपे, असा तर्कही काही समीक्षकांनी केला होता. अल्बींनी तो फेटाळला.

टायरन दांपत्य : विषाद

टायरन कुटुंबात मूळ कारणांविषयी गुप्त असे फारसे उरलेलेच नाही. बाळाचा मृत्यू, जेम्सचा कंजूषपणा, एडमंडच्या जन्मानंतर मेरीला जडलेले मॉर्फिनचे व्यसन, हे सारे पुनःपुन्हा बोलले जाते. तरीही कोणी बरे होत नाही. फ्रॉइड यांनी १९१७ च्या निबंधात शोक आणि विषाद यांत भेद केला. विषादग्रस्त व्यक्तीला कोण गेले हे कळते, परंतु त्याच्यासोबत आपले काय गेले हे उमगत नाही. अखेरच्या अंकात लग्नाचा पोशाख घेऊन आलेली मेरी काहीतरी हरवलेले शोधत असते. ते काय, हे तिला आठवत नाही. फ्रॉइड यांच्या मते विषादात दोषारोप स्वतःकडे वळतो. येथे तो चौघांमध्ये फिरत राहतो. प्रत्येक कबुलीला लगेच एक आरोप चिकटतो, त्यामुळे दुःख कधीच सामाईक होत नाही.

जॉर्ज आणि मार्था : शोकाकडे

जॉर्ज-मार्थाचा पुत्र हा केवळ भ्रम नव्हे, तो दोघांनी मिळून पाळलेला करार आहे. बाहेरच्यांसमोर त्याचा उच्चार करायचा नाही, हा त्यातील नियम मार्था हनीजवळ मोडते. तिसऱ्या अंकात जॉर्ज पुत्राच्या मृत्यूची तार आल्याचे सांगतो आणि मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थना म्हणतो. मृत्यू खोटा आहे, परंतु त्यानिमित्ताने होणारा शोक खरा आहे, कारण अपत्यहीनता खरी आहे. अर्थात हा शोक निर्भेळ नाही. जॉर्जच्या कृतीत सूडही आहे, आणि हा निर्णय त्याला एकट्याला घेता येणार नाही, हा मार्थाचा आक्षेप रास्त आहे. परंतु मूल होऊ शकले नाही का, या निकच्या प्रश्नाला दोघेही 'आम्ही' या बहुवचनात उत्तर देतात. टायरन दांपत्याला हे बहुवचन गवसत नाही.

समारोप

सत्य उघड होणे आणि ते दोघांनी मिळून सोसणे या भिन्न गोष्टी आहेत. ओनीलच्या नाटकात पहिली घडते, दुसरी घडत नाही. अल्बींच्या नाटकात दुसरीचा केवळ आरंभ होतो; अखेरीस मार्थाची भीती कायम असते, मात्र ती आपल्या पतीजवळ तिची कबुली देते. म्हणून मेरी वा मार्था हिला रुग्ण ठरवून तिचे निदान करणारे वाचन अपुरे पडते. मनोविश्लेषणाने व्यक्तीच्या नेणिवेबरोबरच दोघांमधील नात्याचीही तपासणी केली, तर ही नाटके रोगवृत्तान्त न राहता दांपत्याची शोकनाट्ये म्हणून वाचता येतील.